दोराचं दुसरं टोक

"हाताला गुंडाळू नको," व्यंकट म्हणाला.

रणधीरनं दोर मुठीभोवती फिरवून घेतला होता आणि पाय फाकून, आखाड्यात उतरल्यासारखा उभा होता. व्यंकटच्या बायकोची, केशरबाईची जागा मी घेतो, अशी त्यानं थट्टा सुरू केली होती. पण दोराचं एक टोक त्याच्या हातात आणि दुसरं व्यंकटच्या हातात आल्यावर ती पुरती थट्टा राहिली नव्हती.

"मग कशाला गुंडाळू काका, गळ्याला?"

 व्यंकटनं आपल्याकडचं टोक एकदाच जोरात ओढलं. रणधीर धडपडत पुढं आला आणि खांद्यानं झाडाच्या बुंध्यावर आदळला. मूठ सोडवायला त्याला दुसरा हात लावावा लागला.

"म्या एकट्यानं ओढला तर हे," व्यंकट म्हणाला. "फांदी ओढती तवा हात सुटत न्हाय. माणूस वर जातो."

रणधीर तळहात चोळत हसला. त्याला राग येत नसे, हा त्याचा गुण होता.

हे झाड म्हणजे मुरुम गावातल्या लक्ष्मम्माच्या परसातला कडुलिंब. एका अंगाला तिच्याच घराचे पत्रे, दुसऱ्या अंगाला शेजाऱ्याची नवी भिंत आणि तिच्यावर पाण्याची टाकी, मागं संडासाचं छप्पर. आत यायची वाट म्हणजे मोटारसायकल जेमतेम जाईल एवढा बोळ. क्रेन इथं येणार नव्हती. अशा झाडाची एकेक फांदी दोराला बांधायची, दोर वरच्या बेचक्यातून घ्यायचा, फांदी कापायची आणि दोर हळूहळू सोडत ती जमिनीवर टेकवायची. वर एक माणूस लागतो, खाली एक. खालच्यानं दोर हातानं धरायचा नसतो, बुंध्याला वेढा द्यायचा असतो. दोन वेढे दिले तर दोर सरकतच नाही. एकच दिला तर हात भाजतात. दीड वेढ्यात बहुतेक सगळं ओझं साल पेलते आणि दोर हवा तेवढाच सुटतो. हे हाताला कळायला केशरबाईला एक उन्हाळा लागला होता. त्यानंतर ती पोत्याएवढ्या फांद्या भरलेली कळशी ठेवावी तशा खाली ठेवत असे.

दर पावसाळ्याआधी याच लिंबाची छाटणी दोघं करत आली होती. बुंध्यावर गुडघ्याच्या उंचीला साल घासून एक गुळगुळीत पट्टा पडला होता. तिच्या वेढ्याचा.

या वर्षी मात्र छाटून भागणार नव्हतं. व्यंकटनं कुऱ्हाडीच्या तुंब्यानं, पात्याच्या मागच्या बोथट बाजूनं, बुंधा ठोकून, कान लावून पाहिला होता. आवाज पोकळ येत होता. मागच्या गारपिटीत एक फांदी आपोआप गळून पत्र्यावर पडली, तेव्हापासून लक्ष्मम्मा त्या पत्र्याखालच्या खोलीत झोपत नव्हती. नगरपरिषदेची परवानगीही तिनं आणून ठेवली होती.

ती दारात बसून दोघांचा खेळ बघत होती. तिनं विचारलं, "व्यंकटप्पा, बाई कुटाय?"

हल्ली जिथं जाईल तिथं त्याला हाच प्रश्न येई.

"पुन्याला हाय. नातीपाशी."

"येनार हाय का न्हाय?"

"येईल की."

"बाई येनार आसंल तर झाड तुमचं. न्हायतर ह्यो फुकटात पाडतो म्हन्तोय." तिनं हनुवटीनं रणधीरकडं दाखवलं. "पत्र्यावर पाडंल, पर फुकटात."

रणधीर पुन्हा हसला. गेल्या काही वर्षांत झाडं पाडणारे पुष्कळ झाले होते. ज्याच्याकडं पेट्रोलवर चालणारी करवत, तो झाडवाला. झाड बुंध्यात कापायचं, दोर बांधून ट्रॅक्टरनं ओढायचं, लाकूड वखारीला घालायचं. लाकूड आमचं, पाडणं फुकट. मोकळ्या रानात हे जमून जाई. गावात जमत नसे, पण ते समजायच्या आत कुणाचीतरी भिंत पडलेली असे. रणधीरनंही जवळच्याच एका गावात अशी भिंत पाडली होती. मग चार दिवस राहून ती स्वतः बांधून दिली होती. बांधकाम त्याला झाडांपेक्षा बरं जमायचं.

जाताना बोळात तो व्यंकटला म्हणाला की काका, तुम्ही चढा, मशीन माझं, दोघं मिळून करू, तुमचं वय आता एकट्यानं फिरायचं आहे का. बोलणं वाईट नव्हतं. व्यंकट बघू म्हणाला. लक्ष्मम्मानं त्याला आठवडी बाजार होईपर्यंतची मुदत दिली.

केशरबाई दिवाळीनंतर पुण्याला गेली होती. मुलगा बुद्धघोष तिथं कंपनीत होता, सूनही नोकरीला जायची, नात श्रावस्तीला सांभाळायला कुणी नव्हतं. थोड्या दिवसांसाठी म्हणून ती एकच पिशवी घेऊन गेली, आणि मग हिवाळा गेला. तिच्या जागी व्यंकटनं दोन माणसं लावून पाहिली. पहिल्यानं सांगूनही दोर हाताला गुंडाळला आणि तळहाताची कातडी घालवून बसला. दुसऱ्याचं लक्ष मोबाइलात असे. फांदी अर्ध्यात लोंबकळत राही आणि व्यंकट वरून दोर हलवत राही.

मुळात व्यंकटला वरून हाका मारायची सवयच नव्हती. करवतीच्या आवाजात आणि वाऱ्यात हाक नीट पोचत नाही, म्हणून त्या दोघांचं बोलणं दोरावरून चालायचं. एक हिसका म्हणजे धर. लांब ओढ म्हणजे सोड. शेवटची फांदी खाली गेली की दोन हिसके, म्हणजे मी उतरतोय. त्यावर खालून एक हिसका यायचा, म्हणजे या. घरी आल्यावर दोघांत फारसं बोलणं होत नसे. दिवसभराचं झालेलं असायचं.

त्या दुपारी जेवण झाल्यावर त्यानं व्हिडिओ कॉल लावला. केशरबाईला फोन नीट धरता येत नसे. पडद्यावर तिचं कपाळ आणि फिरता पंखा दिसला.

"काय करलालाव? जेवलाव का?"

"जेवलो. लक्ष्मम्मा अव्वाचा लिंब काढायचाय."

"छाटायचाय?"

"सगळाच काढायचाय. आतून पोकळ झालाय."

 ती म्हणाली, "लई सावली हुती त्याची."

"एका दिसापुरती ये. बुद्धघोषाला रजा काढाय सांग. न्हायतर पोरीला घिऊन ये, बसंल अव्वाच्या दारात."

"न्हाय येत म्या."

"का? आजारी हाय का पोरगी?"

"पोरीचं न्हाय." फोन जरा खाली झाला आणि तिचे डोळे दिसले. "एक सांगू का. तुमी वर आसताना म्या कदी वर बघितलं न्हाय."

व्यंकटला वाटलं, आवाज तुटला असेल. "काय?"

"एकदाच बघितलं. पैल्या साली, त्या चिंचंवर. तुमी एका पायावर हुता, दुसरा पाय कुटंच न्हवता. तवापून न्हाय. दोराकडंच बघायची. दोर हालला की म्हनायची, हाय मानूस."

"इतकी वर्सं?"

"व्हय."

"मग सांगायचं न्हाय व्हय."

"सांगितलं आसतं तर चढायचं सोडलं आसतं का तुमी?"

व्यंकटनं फोन दुसऱ्या हातात घेतला. 

"हितं आल्यापून रातच्याला झोप लागती मला," ती म्हणाली. "सलग. आता पुन्ना त्यो दोर हातात घे म्हनू नगा मला. तुमी बी सोडा आन् हिकडं या."

तेवढ्यात श्रावस्तीनं फोन ओढून घेतला, आबा म्हणून हाक मारली आणि तिच्या बाहुलीचा पाय पडद्यावर पार जवळ आणला. मग फोन कुठंतरी ठेवला गेला. बराच वेळ फक्त पंखा दिसत राहिला. त्या पंख्याकडं पाहत व्यंकट बसला, आणि मग त्यानंच कॉल बंद केला.

झाडावर पाय कसा टाकावा, याबद्दल त्याची एक पद्धत होती. आधी टाच, मग चवडा, मग अंग. घाई असली तरी तो ती मोडत नसे. खाली उभं राहून कुणीतरी बघत आहे, हे त्यानं गृहीत धरलेलं होतं. बघणारं असलं की माणूस पाय नीट टाकतो. आता ते सगळं पुन्हा आठवून पाहिलं तर प्रत्येक झाडाखाली मान खाली घातलेली केशरबाई दिसू लागली.

बाजाराच्या आदल्या दिवशी तो लक्ष्मम्माकडं गेला आणि म्हणाला की बाई येणार नाही, झाड मी एकटा उतरवतो. फांद्या मी उतरवीन. राहिलेलं सोट खोड रणधीरनं मशीननं कापून न्यावं, त्यात कुणाच्या भिंतीला धोका नाही. लक्ष्मम्मानं त्याच्याकडं पाहिलं. एकट्यानं ओझं वरून सोडणार कसं, आणि खाली दोर सोडवणार कोण, असं तिनं विचारलं. तिनं विचारलं ते बरोबरच होतं. तो रात्रंदिवस तेच ठरवत होता.

त्यानं तिच्याकडं विहिरीत पडलेली बादली काढायचा लोखंडी आकडा मागितला. तिची विहीर केव्हाच बुजली होती, पण आकडा माळ्यावर निघाला.

हिशेब असा होता. फांदीला दाव्याचा फास घालायचा आणि त्यात दोराचा आकडा अडकवायचा. ओझं असेपर्यंत आकडा घट्ट राहतो. फांदी जमिनीला टेकून दोर सैल झाला, की वरून हलवल्यावर तो आपोआप निसटतो. वेढा बुंध्याला न देता आपण उभे आहोत तिथल्याच फांदीच्या खुंटाला द्यायचा आणि एका हातानं सोडत राहायचं. मात्र तुकडे लहान करावे लागतात, निम्म्याहून लहान. दोराचं दुसरं टोक हातून निसटून खाली गेलं तर ते वर द्यायला कुणी नव्हतं, म्हणून ते कमरेला बांधायचं. दोर जमिनीपर्यंत पोचून वर वावभर, दोन हात पसरल्याएवढा, उरत होता. त्यामुळं फांदी हातून सुटली असती तरी कमरेला झटका बसला नसता.

सकाळी चढायच्या आधी बुंध्यावरच्या गुळगुळीत पट्ट्यावरून त्यानं बोट फिरवलं. लक्ष्मम्मा म्हणाली, "म्या धरू का दोर? निस्तं बसून धरते."

"तुमी लांब बसा अव्वा. वर बघू नका, डोळ्यात भुसा जाईल."

लिंब फुलला होता. करवत चालली की पांढरी बारीक फुलं त्याच्या डोक्यावर आणि खांद्यावर पडत. भुसा ओठावर कडू लागत होता. पहिली फांदी आकड्याला लटकून टाकीच्या बाजूला झोके घेऊ लागली, तेव्हा त्यानं दोर तसाच धरला आणि झोका थांबायची वाट पाहिली. केशरबाई असती तर झोका परतताना थोडा दोर सोडून तिनं तो तिथंच जिरवला असता. हे त्याला वरून जमत नव्हतं. थांबणं जमत होतं. फांदी शांत झाल्यावर त्यानं ती खाली टेकवली. आकडा निसटायला जरा त्रास झाला, मग निसटला.

रणधीर बोळाच्या तोंडाशी येऊन बराच वेळ उभा राहिला. त्यानं काही थट्टा केली नाही. उद्या खोडाला येतो, एवढं लक्ष्मम्माला सांगून गेला. दुपारी लक्ष्मम्मा भाकरी घेऊन बुंध्याशी आली आणि उतरा म्हणाली. उतरलं तर पुन्हा चढायला अंगात बळ राहणार नाही, हे त्याला माहीत होतं, म्हणून त्यानं आकडा खाली सोडला आणि फडक्यात बांधलेली भाकरी वर ओढून घेतली.

उन्हं कलली तशी परसात सावली राहिली नाही. पत्र्यावर, भिंतीवर, टाकीवर सगळीकडं सारखंच ऊन आलं. शेवटची फांदी पत्र्यावर ओणवी झालेली होती. ती त्यानं इतक्या लहान तुकड्यांत उतरवली की एकेक तुकडा माणसाला खांद्यावर नेता आला असता. खाली ढीग साचला. टाकी जागेवर होती. पत्रा वाजला नव्हता. लक्ष्मम्मा चहा ठेवायला आत गेली होती.

शेवटचा तुकडा टेकला. त्यानं आकडा सोडवून वर ओढून घेतला, खुंटाचा वेढा काढला. बेचक्यात उभं राहून त्यानं तोंडावरचा भुसा पुसला आणि कमरेपासून खाली लोंबणारा दोर धरून सवयीनं दोनदा हिसकला.

ओढ त्याच्याच कमरेला बसली. दोनदा.

 खाली परस रिकामा होता, आतून भांड्याचा आवाज येत होता. मग त्यानं कमरेची गाठ सोडली, दोर वेटोळं करून खांद्यावर घेतला आणि उतरू लागला. आधी टाच, मग चवडा, मग अंग.