मुहूर्ताचा शेअर

राजशेखरच्या मोबाइलवर विभूतीचा पट्टा वाळला होता, बरोबर तोट्याच्या आकड्यावर. चार वर्षांपूर्वी लक्ष्मीपूजनाच्या मुहूर्तावर घेतलेल्या त्या शेअरला तो रोज पूजेनंतर विभूती लावायचा. भाव तरीही पडत होता.

लातुरातल्या त्यांच्या भांड्यांच्या दुकानात बायको अंजू कराचा हिशेब घेऊन बसली होती.

"अहो, मार्चचा हा शेवटचा दिवस. आज साडेतीनला बाजार बंद होईल. हा विकला तर तोटा यंदा विकलेल्या दुसऱ्या शेअरच्या नफ्यातून वजा होईल, कर वाचेल."

"मुहूर्ताची लक्ष्मी विकत न्हाईत. पुढच्या वर्षी बघू."

"दर मार्चला हेच म्हणता. लक्ष्मी येत असते, ही नुसती जाऊन राहिली."

"विकलं न्हाई तवर तोटा न्हाई."

"मग तो पोचा पडलेला हंडा नव्याच्या भावात विकून दाखवा."

"हंडा मुहूर्ताचा नव्हता!"

"बरं. कर भरू. तुमच्या नव्या मोटारसायकलचे पैसे ठेवलेत, त्यातून."

राजशेखर गादीवरून उठला. त्याने मोबाइलला हात जोडले, डोळे मिटले.

"माफ कर, माय," तो पुटपुटला. मग अंजूकडे न बघता मोठ्यानं म्हणाला, "विकून टाक."