न गेलेल्या माणसाची गाडी

फिर्मीनोला गाडी चालवता येत नव्हती, पण गाडी त्याच्याच नावावर होती. घेताना बेलमीरा म्हणालीही होती, की चालवणार मी, तर नाव माझं लागू दे. त्यावर फिर्मीनोने छाती पुढे काढून कागदावर सही ठोकली. घरचा पुरुष धडधाकट असताना गाडी बायकोच्या नावावर, हे गावी, वाल द कोर्सात कळलं तर लोक काय म्हणतील, असा त्याचा सवाल होता. वाल द कोर्सा फ्रान्समधल्या त्या गाडीच्या दुकानापासून दीड हजार किलोमीटर लांब, दोन सीमांपलीकडे होतं. पण फिर्मीनोच्या कानाला गावातले लोक कायम लागलेले असायचे.

आता फ्रान्समधली एकतीस वर्षं आवरून दोघं कायमची पोर्तुगालला, गावी आली होती. त्याने तिथे भिंतींना गिलावे केले आणि तिने एका पाचमजली इमारतीचे जिने पुसले, त्यातून गावच्या घरावर नवं छप्पर चढलं. गाडी बेलमीरानेच आणली, सलग दोन दिवस चालवून. फिर्मीनो शेजारी बसून तिला "सांभाळून" एवढंच सांगत होता, तेही प्रत्येक वळणाला.

येण्याआधी बेलमीराने एकच अट घातली होती. "गावात मी येईन. पण गावात बसून राहणार नाही. मला बाजार लागतो, दवाखाना लागतो, चार माणसांची तोंडं बघायला लागतात. गाडी असेल तर मी आहे."

ही काही रुसव्याफुगव्यातली धमकी नव्हती. वाल द कोर्सात आठवड्यातून दोनदा बस येई, आणि शाळांना सुट्टी लागली की तीही येत नसे. तिकडे फ्रान्समध्ये, ल्याँला, मुलीने आईसाठी खोली तयार ठेवली होती. आणि गाडीचं घोडं पेंड खात होतं ते नंबरपाटीपाशी. गावात राहणाऱ्याला फ्रेंच नंबरावर गाडी फिरवता येत नाही, पोर्तुगीज नंबर हवा. नव्या नंबराचा कर गाडीच्या किमतीपेक्षा जास्त. तो माफ होतो फक्त परदेशातून कायमचं परतलेल्या माणसाला.

"मग आपण काय सहलीला आलोय?" असं म्हणत फिर्मीनो मोठ्या ऐटीत ब्रागांसाच्या जकात कचेरीत गेला.

कचेरीतल्या बाई चांगल्या होत्या. चष्मा साखळीला बांधलेला, आवाज मऊ. त्यांनी फ्रान्सचे पगाराचे कागद पाहिले, गाडीचे पाहिले, मग ओळखपत्र पाहिलं, मग संगणकात बराच वेळ काहीतरी शोधलं.

"सेन्योर फिर्मीनो," त्या म्हणाल्या, "तुम्ही परत आलात म्हणता. पण गेलात कधी?"

"म्हणजे काय? एकतीस वर्षं झाली!"

"इथे तर तुमचा पत्ता वाल द कोर्साच आहे. मतदार यादीत तुम्ही तिथलेच. आणि हे बघा, दर दोन वर्षांनी गावाने लिहून दिलंय, की हा माणूस गावात राहतो, याची चूल रोज पेटते." बाईंनी चष्मा काढला. "जो गेलाच नाही, त्याला परत आल्याची माफी मी कशी देऊ? ज्या गावाने हे लिहिलं, त्याच गावाकडून आणा की तुम्ही तिथे नव्हतात. मग मी लगेच शिक्का मारते. तारीख मात्र लक्षात ठेवा, वीस दिवस उरलेत."

बाहेर गाडीत बसल्यावर बेलमीराने किल्ली लावली, पण फिरवली नाही.

"मी पहिल्याच वर्षी वकिलातीत जाऊन पत्ता बदलला," ती म्हणाली. "गाडी माझ्या नावावर असती तर आज नंबर घेऊनच घरी गेलो असतो."

"आता करू की तुझ्या नावावर."

"आता करून काय उपयोग? येण्याआधी सहा महिने असायला हवी होती. माझे कागद सरळ आहेत, फिर्मीनो. तुझे तुझ्यासारखे आहेत." तिने किल्ली फिरवली. "नंबर मिळाला तर मी इथे. नाही मिळाला तर गाडी आली तिथे परत जाईल, आणि ती चालवायला कुणीतरी लागेलच."

चुलीची भानगड अशी होती. वाल द कोर्साचा डोंगर सगळ्या गावाचा सामाईक. त्यावरचं सरपण, चरायचं गवत आणि चेस्टनटची झाडं यांत वाटा मिळतो तो माणसाला नव्हे, चुलीला. रविवारी ज्या घराच्या धुराड्यातून धूर निघतो ते घर जिवंत. त्याचं नाव पुस्तकात राहतं आणि त्या घराला सभेत हात वर करता येतो. वर्षभर धूर नाही दिसला की नाव खोडलं जातं. पूर्वी ही पद्धत सरळ होती. मग निम्मं गाव फ्रान्सला, जर्मनीला गेलं आणि मागे राहिलेल्यांनी गेलेल्यांच्या चुली पेटवायला सुरुवात केली.

फिर्मीनोची चूल त्याची धाकटी बहीण ओटीलिया पेटवायची. दर शनिवारी संध्याकाळी आपल्या घरून निखारे घेऊन यायची, ओंडका लावायची, आणि रविवारी चर्चमध्ये मासच्या प्रार्थनेला जाताना पुन्हा एकदा फुंकर घालायची. तिने लग्न केलं नव्हतं. आई होती तोवर आईचं केलं, नंतर मेंढ्यांचं. फिर्मीनो दर ऑगस्टला महिनाभर यायचा, तिच्यासाठी चॉकलेटचा डबा आणायचा, सभेत बसायचा आणि तावातावाने बोलायचा. कुणी त्याला परदेशस्थ म्हटलं की त्याला मिरची झोंबायची. "मी गावातच असतो. कामाला तेवढा बाहेर जातो." हे तो इतक्या वेळा म्हणाला होता की त्यालाच ते खरं वाटायला लागलं होतं.

पुस्तक होतं आबिलियोकडे. आबिलियो शाळासोबती आणि सभेचा प्रमुख. दाखलेही त्याच्याच सहीचे. फिर्मीनोने सगळी हकिकत सांगितली तेव्हा तो सॉसेज कापत होता, त्याने सुरी खाली ठेवली.

"झाकली मूठ सव्वा लाखाची, बाबा. त्रेचाळीस चुली आहेत पुस्तकात. त्यातल्या सतरा तुझ्यासारख्या. तुझी उघडली तर बाकीच्यांची नाही उघडणार?"

"मग बेलमीरा जाईल रे."

आबिलियोने सॉसेजची ताटली बाजूला सारली. त्याची स्वतःची बायको जिनिव्हाला गेली होती ती आलीच नव्हती.

"माझ्या एकट्याच्या सहीने होणार नाही," तो म्हणाला. "सभेत व्हायला हवं. आणि साक्ष तुझी चालणार नाही."

"माझी का नाही? नव्हतो तो मीच ना?"

"पुस्तकात तू हजर आहेस. हजर माणूस उठून मी गैरहजर होतो म्हणाला, तर त्याला वेडा म्हणतील. दुसरं कुणीतरी सांगायला हवं. ज्याला माहीत आहे असं."

असं माणूस एकच होतं. फिर्मीनो ओटीलियाकडे गेला. ती अंगणात बटाटे सोलत होती. त्याने सांगितलं, जरा फिरवून, जरा हसत. तिचा हात एकदा थांबला आणि परत चालू झाला.

"म्हणजे मी सभेत उभं राहून सांगायचं, की तू इथे नव्हतास."

"एवढंच."

"एकतीस वर्षं मी उलटं सांगत आले. दाराशी धूर बघायला आलेल्यांना सांगितलं. पाद्रीबाबांना सांगितलं. कबुलीजबाबात खोटं बोलले तुझ्यापायी."

"वाटा जाईल म्हणून रागावलीस का? सरपण विकत आणू ना आपण."

ओटीलियाने त्याच्याकडे असं पाहिलं की तो पुढचं वाक्य विसरला. "रविवारी बघू," ती म्हणाली, आणि सालं कोंबड्यांना टाकायला उठून गेली.

रविवारी मास झाल्यावर चर्चच्या ओसरीत सभा भरली. गाडीची बातमी आधीच पसरली होती. बाक भरले, मागे बायका उभ्या राहिल्या. बेलमीरा खांबाला टेकून उभी होती, कोट चढवून, पर्स खांद्याला. कुठूनही निघायला ती नेहमी तशीच तयार असायची. आबिलियोने विषय वाचला आणि एकदम गलका झाला.

"एका गाडीपायी अख्ख्या गावाला उघडं पाडतोस?" ज्याचे दोन मुलगे स्टुटगार्टला होते तो ओरडला.

"गाढव पाळ की!" आणखी कुणी म्हणालं, आणि लोक हसले.

फिर्मीनो घामाघूम झाला. हेच ते लोक, ज्यांनी आपल्याला गावचा म्हणावं म्हणून त्याने आयुष्यभर आटापिटा केला. गाडी गेली, बायको गेली आणि आता गावही चाललं. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं. तो उठून म्हणणारच होता की राहू द्या, माझी चूक झाली.

तेवढ्यात ओटीलिया उठली. सभेत ती कधी बोलली नव्हती. तिच्या चुलीचा वाटा होता, पण हात ती फिर्मीनोचा बघून वर करायची.

"लिही, आबिलियो. माझा भाऊ इथे नव्हता."

"चूल पेटत होती ना त्याची?" स्टुटगार्टवाला म्हणाला.

"चूल मी पेटवत होते. चुलीपाशी कुणी नव्हतं." तिचा आवाज चढला नाही, पण मागे उभ्या बायका पुढे सरकल्या. "आई गेली तेव्हा बर्फ पडला होता. याला यायला चार दिवस लागले. तोवर आईला मातीत घालून झालं होतं. पेटी उचलायला चार माणसं मिळेनात, म्हणून खालच्या गावाहून दोघांना बोलावलं. आठवतंय ना, आबिलियो? तू पुढे होतास. आणि त्याच रविवारी तू पुस्तकात लिहिलंस, त्रेचाळीस चुली हजर."

आबिलियोने मान खाली घातली.

"लोकांच्या बहिणी रडायच्या, भाऊ परदेशी गेला म्हणून. मला कधी रडताही आलं नाही. रडणार कशी? माझा भाऊ गेलाच नव्हता." तिने रुमालाने तोंड पुसलं, रडत मात्र नव्हती. "दवाखान्यात एकटी गेले. छप्पर गळलं तेव्हा एकटी वर चढले. कुणी विचारलं तर सांगायचे, भाऊ आहे ना घरी. आज पहिल्यांदा खरं सांगायची वेळ आली, तर तुम्ही मला चूल दाखवता?"

फिर्मीनोला लाज वाटली, अशी की पायाखालच्या फरशीकडेही पाहवेना. चॉकलेटचे एकतीस डबे त्याला आठवले. तिला गोड आवडतं की नाही, हेही त्याला ठाऊक नव्हतं. मागे बेलमीराने पर्स खांद्यावरून काढून खाली ठेवली होती.

"कुणाची हरकत?" आबिलियोने हळूच विचारलं. कुणाची नव्हती. स्टुटगार्टवाला आपल्या टोपीची कड बोटांनी फिरवत बसला होता. "कधीपासून नव्हता ते लिहावं लागेल, ओटीलिया. तारीख."

"सात सप्टेंबर, ब्याण्णव साल. सोमवार होता. बस सकाळी सहाला सुटली. हा पुढच्या बाकावर बसला आणि त्याने मागे वळूनही पाहिलं नाही."

"पाहिलं होतं मी," फिर्मीनो एकदम म्हणाला.

"नाही पाहिलंस. बस वळणाआड जाईपर्यंत मी उभी होते."

आबिलियोचं पेन हवेत थांबलं. "हेही लिहायचं?"

फिर्मीनोने बहिणीकडे पाहिलं. तिचे केस पांढरे झाले होते, आणि ते कुठल्या वर्षी झाले हे त्याला आठवेना.

"ती सांगते तसं लिही," तो म्हणाला. "सगळं."

चौथ्या दिवशी तो कागद घेऊन फिर्मीनो ब्रागांसाला गेला. त्यावर सभेचा शिक्का होता, आबिलियोची सही होती, आणि पुस्तकातून एक चूल खोडल्याची नोंद होती. गावात नव्याने वर्ष काढल्याशिवाय तिचा विचार होणार नव्हता. मऊ आवाजाच्या बाईंनी तो सावकाश, शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. असला कागद त्यांच्याकडे पूर्वी आला नसावा.

"मागे वळूनही पाहिलं नाहीत?" त्यांनी विचारलं.

"नाही," फिर्मीनो म्हणाला. "पाहिलं असतं तर उतरलो असतो."

बाईंनी शिक्का मारला.