जानराव दुसऱ्याच बोटीत

बँकॉकच्या नदीवर बोट धक्क्याला लागली, तेव्हा माधवीने आधी वडिलांच्या पायांकडे पाहिलं. दोन्ही पायांत बूट होते. सकाळी एका पायात बूट आणि दुसऱ्यात चप्पल घालून ते हॉटेलबाहेर निघाले होते. कुणाच्या लक्षात यायच्या आत तिने त्यांना खोलीत परत नेलं होतं.

जानराव एकाहत्तर वर्षांचे. मूर्तिजापूरच्या शकुंतला या छोट्या रेल्वेगाडीवर गार्ड म्हणून त्यांची सगळी नोकरी झाली. अकोल्याच्या खुशालराव तायड्यांनी बावीस जणांची थायलंडची सहल काढली, तेव्हा जानरावांनी हट्टच धरला, "येवढी मोठी बुद्धमूर्ती पाह्याची हाय मले." फॉर्मवर 'काही आजार?' असा रकाना होता. माधवी स्वतः नर्स. तरी तिने तिथं 'नाही' लिहिलं. खरं लिहिलं असतं तर बाबांना कुणी नेलं नसतं. वर्षभरात ते दोनदा घरचा रस्ता चुकले होते. भाऊ अंकुर अमरावतीहून फोनवर म्हणायचा, "वय झालं त्यायचं. तू उगाच दवाखाना घरी आणतं."

आज राजांनी बांधलेली मंदिरं आणि मग जुने कालवे, असा बेत होता. खुशालरावांनी सगळ्यांना पांढरे कपडे घालायला सांगितले होते. गाईड हिंदी जाणणारी थाई बाई होती. इथं मंदिराला 'वाट' म्हणतात, असं तिने सांगितल्यावर जानराव हसले. "मंदिरालेच वाट म्हणतात? मंग इथं कोनी चुकतच नसंन." सगळे हसले. माधवीलाही जरा बरं वाटलं.

मंदिराचा कळस उंच आणि पायऱ्या शिडीसारख्या उभ्या. वर गेलेल्या सहलीतल्या तानुबाईंना खाली उतरवेना. गुडघे धरून त्या मध्येच बसल्या. माधवीने वडिलांना सावलीतल्या कट्ट्यावर बसवलं.

"बाबा, इथंच बसा. मी तानुबाईले घेऊन येतो."

"मी कुठी जातो?"

तानुबाईंना एकेक पायरी उतरवायला पाच-सात मिनिटं लागली. ती वळली तेव्हा कट्ट्यावर फक्त पाण्याची बाटली होती.

आधी ती चालत गेली, मग पळाली. संडासात, फुलांच्या दुकानाशी, मंदिराच्या मागे. सगळीकडे पांढरे सदरे आणि टकलं दिसत होती, पण त्यातलं एकही त्यांचं नव्हतं. त्यांचा फोन लावला, तर तो तिच्याच पर्समध्ये वाजला.

"येतील, ताई," खुशालराव म्हणाले. "इथंच कुठी फोटो काढून राहिले असतील."

गाईड मात्र घड्याळ पाहत होती. कालव्यात थोडं पुढे पाणी अडवणारा लोखंडी दरवाजा होता आणि तो ठरल्या वेळीच उघडायचा. बोटीतून कुणीतरी ओरडलं, "एका माणसापायी सगळ्यायनं थांबायचं का?"

माधवी खुशालरावांकडे वळली. "काका, ते फोटो काढून नाही राहिले," ती म्हणाली. "त्यायले आठवत नाही. आपुन कुठं आलो, हॉटेल कोणतं, काहीच सांगता येणार नाही त्यायले. मी फॉर्मवर खोटं लिहिलं."

 खुशालरावांनी तिच्या हातातला फोन घेतला, त्यावर जानरावांचा फोटो उघडून तो गाईडला दिला आणि गाईड धक्क्यावरच्या तिकीटवालीकडे धावली. तिकीटवालीने फोटो पाहिला आणि कालव्याच्या दिशेने हात केला.

"श्रीलंकेच्या यात्रेकरूंची बोट," गाईडने सांगितलं. "दहा मिनिटं झाली. सगळे पांढऱ्या कपड्यांत होते."

बोट सुटली. नदीतून वळून अरुंद कालव्यात शिरली. दोन्ही बाजूंना खांबांवर उभी घरं, दारात कुंड्या, पाण्यापर्यंत उतरलेल्या मंदिराच्या पायऱ्या. माणसं फोटो काढायचं विसरली होती. माधवी फक्त समोरच्या बोटी पाहत होती. गाडीचा वेग कमी झाला की जानराव अजूनही उठून उभे राहायचे आणि बाहेर वाकून मागचे डबे पाहायचे. ऑटोतसुद्धा. इथं वाकले तर? त्यांना पोहता येत नव्हतं. समोरून येणाऱ्या प्रत्येक बोटीची लाट बोटीला हलवून जात होती.

वळणानंतर दरवाजा दिसला. बंद. वर लाल दिवा. खाली चार-पाच बोटी थांबलेल्या आणि त्यातल्या दुसऱ्या बोटीत जानराव उभे होते. शेजारच्या एका म्हाताऱ्या लंकेच्या बाईने त्यांचा सदरा मागून घट्ट धरून ठेवला होता.

"बाबा!"

"कुठी होती तू?" जानराव चिडले. "सिग्नल नाही पडला म्हून बरं. नाहीतं गाडी गेली असती ना!"

बोटी एकमेकींना लावल्या. मध्ये वीतभर पाणी, तेही हलणारं. जानराव यायला तयार होईनात. "मी माह्या डब्यातच बसतो." माधवी विनवू लागली तसे ते आणखी मागे सरकले. बोट कलली. लंकेच्या बाया ओरडल्या.

खुशालरावांनी तिला बाजूला केलं.

"जानराव, आमच्या डब्यात गार्ड नाही. गार्डाबिगर गाडी कशी सोडायची?"

जानरावांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "तसं कोनी सोडतही नाही," ते म्हणाले आणि सदरा सारखा केला. एका बाजूने खुशालराव, दुसऱ्या बाजूने नावाडी. पाऊल टाकताना त्यांचा बूट कडेवरून घसरला आणि माधवीने त्यांना छातीशीच ओढलं. दोघं फळीवर आपटली. तिचं कोपर सोललं. मग ती रडली, सगळ्यांसमोर.

"मले सांगितलं असतं त मी नाही म्हटलं असतं," खुशालराव हळूच म्हणाले. "हे खरं हाय. पन असं लपवू नका. आता चार दिवस आमी पाळीपाळीनं बसू त्यायच्या बाजूले." तानुबाई उठून जानरावांच्या डाव्या हाताला येऊन बसल्या होत्या.

पुढच्या मंदिरात मोठी बुद्धमूर्ती होती. जानराव तिच्यासमोर बराच वेळ हात जोडून बसले. बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, "आपुन बोटीत कधी बसनार?"

माधवीने एका हाताने त्यांची बाही धरली आणि दुसऱ्या हाताने अंकुरला फोन लावला. काय झालं ते सगळं सांगितलं. मग म्हणाली, "परत आलो की सोमवारी अकोल्याले मेंदूच्या डॉक्टरकडे जायचं हाय. एकटी मी नाही जाणार. तुले यायचं हाय."



"किती वाजता?" अंकुरने विचारलं.