मुंढ्यात गेलेली बातमी

मी एका इंग्रजी वर्तमानपत्राचं पान बोलतोय. रद्दी म्हणायला तोंड उघडलं असेल, तर ते आधी मिटा. मग पुढचं ऐका.

माझा जन्म छापखान्यात झाला, साऱ्या वर्तमानपत्रांसारखाच घाईघाईत. शाई नीट वाळली नव्हती तोच एका निवृत्त साहेबांच्या दारात येऊन पडलो. त्यांनी खेळाच्या बातम्या तेवढ्या वाचल्या, माझ्यावर चहाचा कप ठेवला आणि संध्याकाळपर्यंत मी त्यांच्या लेखी म्हातारा झालो. माणसांची ही खोड मला कधीच पटली नाही. कालचं दूध नासतं हे मान्य. कालचं वाक्य कसं नासेल?

साहेबांच्या शेजारी कपडे शिवणारी एक म्हातारी राहायची. ती गठ्ठाभर पेपर मागून घेऊन गेली, त्यात मीही गेलो. तिला माझ्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं. इंग्रजी पेपरचं पान ऐसपैस असतं, शर्टाचं कटिंग, म्हणजे कापडावर ठेवायचा कागदी नमुना, सरळ निघतं, एवढंच तिला ठाऊक. तिने मला जमिनीवर अंथरलं, खडूने आखलं आणि कात्री चालवली. आधी गळा, मग खांदा, मग बाही जोडतात ती अर्धगोल जागा, म्हणजे मुंढा. मुंढ्यातून कात्री फिरली तेव्हा माझ्या सगळ्यात मोठ्या मथळ्याचा अर्धा भाग खाली पडला. मी ओरडलो असतो, पण कागदाचं कोण ऐकतं.

त्या दिवसापासून मी शर्टाचा पुढचा भाग झालो आणि शिलाई मशीनसमोरच्या खिळ्याला लटकलो. मशीनवर म्हातारीची सून बसायची. दिवसभर कपड्यांच्या कारखान्यात शिवायची, घरी येऊन पुन्हा शिवायची. तिला कारखान्यात सुपरवायझर व्हायचं होतं. हात सफाईदार होता, पण ऑर्डरचे कागद इंग्रजीत यायचे. मॅनेजर म्हणायचा, "इंग्रजी वाचता आलं की बोलू." ते कधी यायचं नाही, अशी त्याची खात्री होती.

सून हट्टाला पेटली. शिकवणीला वेळ नव्हता, पण समोर मी होतो. शाळेत गिरवलेली अक्षरं तिला आठवत होती. बारीक मजकूर मात्र डोळ्यांपुढे मुंग्यांसारखा पळायचा, म्हणून ती फक्त मथळे घ्यायची. लेकीच्या शब्दकोशात अर्थ शोधायचा आणि तो शब्द पुटपुटत शिवण घालायची. एकदा 'इलेक्शन'मध्ये अडकली आणि कॉलर उलटी लावून बसली.

"अगं, गिऱ्हाइकाला सरकार नकोय, शर्ट हवाय," सासू म्हणाली.

मग एका सकाळी तिला माझा मोठा मथळा सुटला. 'फॅक्टरी क्लोजर्स.' म्हणजे कारखाने बंद. त्याच्यापुढे मुंढा होता, म्हणजे काहीच नव्हतं. खालच्या ओळींकडे ती बघायचीच नाही. डबा ओट्यावर विसरून ती धावत कामावर गेली.

पुढचं मला संध्याकाळी कळलं, तिने सासूला सांगितलं तेव्हा.

"मी सगळ्यांना म्हटलं, कारखाने बंद होणार, पेपरात आलंय. बायका मशीन सोडून मॅनेजरच्या दाराशी जमल्या. तो हसायलाच लागला. तो पेपर त्याने तेव्हाच वाचला होता, ती अफवा आहे, असंच त्या मथळ्यात छापलंय म्हणे. ज्या बाईला मथळा कळत नाही, तिला ऑर्डर काय कळणार, असं सगळ्यांसमोर म्हणाला. आता मला बातमीदार म्हणतात."

बोलता बोलता तिची नजर माझ्यावर गेली, मग कापलेल्या कडेवर. सासूनेही तिकडे पाहिलं.

"मी काय वाचून कापते होय? मुंढा येतो तिथे कात्री जाते."

दोघींनी चिंध्यांची पिशवी जमिनीवर ओतली. माझा तुकडा तळाशी सापडला. सुनेने तो मला लावून धरला आणि एकेक शब्द जुळवत वाचला. 'ओन्ली अ रूमर, सेज मिनिस्टर.' फक्त अफवा, मंत्री म्हणतात.

"झालं समाधान? आता सोड हा नाद," सासू म्हणाली.

"माप चुकलं तर तुम्ही शिवण उसवता, की शिवायचंच सोडता?"

सासू उठली आणि तुकडा चिकटवायला खळ करून आणली. माझा मुंढा बुजला आणि कटिंग म्हणून मी कायमचा बाद झालो. मला त्याचं सोयरसुतक नव्हतं. त्या दिवसापासून ती मला मथळ्यापासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचू लागली आणि मुंग्या हळूहळू जागेवर थांबू लागल्या.

सुपरवायझर निवडायचा दिवस आला तेव्हा ती मला सोबत घेऊन गेली.

"काय बातमीदार, आज काय बंद होतंय?" मॅनेजरने विचारलं. आजूबाजूचे हसले.

तिने मला टेबलावर पसरलं, खालपर्यंत वाचलं आणि अर्थ सांगितला.

"हे घोकलेलं आहे." त्याने त्या दिवसाचा पेपर, घडी तशीच ठेवून, तिच्यापुढे सरकवला. "वरची ओळ सांग, बास."

तिने पेपर उचलला आणि घडी उलगडली.

"पूर्ण पान वाचते, साहेब. अर्ध्यावर बोलायची सवय मोडली माझी."

ती अडखळली, पण थांबली नाही. दोन शब्द आले नाहीत, त्यांवर बोट ठेवून म्हणाली, "हे उद्या सांगते." या वेळी कोणी हसलं नाही. मॅनेजरने ऑर्डरचा कागद पुढे केला. तोही तिने वाचला. मग मात्र त्याच्याकडे द्यायला दुसरा कागद उरला नाही, आणि सुपरवायझरची जागा तिला मिळाली. बातमीदार हे नाव तेवढं टिकलं. त्या नावाला ती ताठ मानेने ओ देते.

मी पुन्हा खिळ्यावर आहे. पिवळा पडलोय, कडा झिजल्यात. परवा सासू मला काढायला निघाली होती. "मुंढा बुजलेला, बाही लागायची नाही. हा कागद आता कशाच्या कामाचा?"

"वाचायच्या," सून मशीनवरूनच म्हणाली. "हात लावू नका."

माझी भावंडं तुमच्याही घरात पडली असतील. त्यांना खुशाल विका, कापा, फडताळात अंथरा. पण कात्री लावण्याआधी एकदा खालपर्यंत वाचा, एवढंच माझं मागणं आहे. आणि एवढं ऐकूनही मला रद्दीच म्हणायचं असेल, तर या इथे, खिळ्यासमोर उभे राहा आणि आधी मला वाचून दाखवा.