धनेशाची पेटी

बायकोने पेटीच्या गोल भोकातून खांद्यापर्यंत हात आत घातला, चाचपून पाहिलं आणि नवऱ्याकडे वळली.

"आतूनही रंधा मारलात?"

"मग काय ओबडधोबड ठेवू?" सुतार म्हणाला. "माझ्या हातचं काम आहे ते."

धनेश पक्ष्याला अंडी घालायला जुन्या, जाड झाडाची ढोली लागते. तशी झाडं आता लोकांच्या घरांत दारं-कपाटं होऊन उभी होती. जंगलातलं शेवटचं ढोलीचं झाड कोसळलं, तेव्हा पक्ष्यांचा अभ्यास करणाऱ्या मुलीने सुताराकडून ही लाकडी पेटी करून घेतली आणि उंचावर टांगली. मादी आली, आत डोकावली आणि निघून गेली. खोऱ्यात उरलेली ती एकच जोडी, आणि तिचं ते वर्ष वाया गेलं. सुताराने हे फार मनाला लावून घेतलं होतं.

"हौसेला मोल नाही हो, पण बाळंतिणीने पाय कुठे रोवायचे?" बायको म्हणाली. "पिल्लाने वर कसं चढायचं? घसरगुंडी केलीत नुसती."

पेटी उतरवून आणणाऱ्या त्या मुलीने कपाळावर हात मारला. "माझ्याही डोक्यात आलं नाही, काकू."

सुतार घुश्श्यातच उठला. मागची फळी काढून तो पटाशीने आत खाचा पाडू लागला. गुळगुळीत लाकडावर घाव घालणं त्याच्या जिवावर आलं होतं. हळूहळू हात सैलावला.

"जन्मभर ज्या लाकडावर पोट भरलं," तो मान खाली घालूनच म्हणाला, "त्याचं बी ह्या धनेशांसारख्याच कुणीतरी फळ खाऊन टाकलं असणार. उपकार आहेत बघ."

बायको पुढे सरकली. तिने पेटी हलू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून ठेवली.

पुढच्या हंगामात पेटी पुन्हा उंचावर टांगून तिघंही झुडपाआड बसली. मादी आली. बराच वेळ काठावर बसून आत बघत राहिली. सुताराने बायकोचं मनगट घट्ट धरलं. मादी आत शिरली, आणि थोड्या वेळाने तिची चोच भोकाच्या कडेला चिखल थापू लागली.

"दार बुजवतेय," मुलगी कुजबुजली. "आता नर फटीतून भरवेल तिला. राहिली, काका!"

त्या घोटून गुळगुळीत केलेल्या काठावर चिखलाचे बेंगरूळ गोळे बसत होते. आपल्या कामावर कुणाचं बोट उमटलेलंही सुताराला आजवर खपलं नव्हतं.

"लाव बाई," तो डोळे पुसत म्हणाला, "अजून लाव."