रकान्यात न बसलेलं कारण

माझी मावशी पुस्तकं बांधते. एकोणचाळीस वर्षं तेच करतेय. दुकान म्हणजे जिन्याखालच्या दोन खोल्या. बाहेर कागद कापायचं मशीन, आत लांब टेबल, त्यावर दाभणं, दोऱ्याची रिळं, खळीचं पातेलं आणि दुरुस्तीला आलेल्या पुस्तकांचे ढीग. लग्न तिने केलं नाही. कुणी फार चौकशी केलीच, तर ती विचारणाऱ्याच्या हातात पुठ्ठा देते आणि घट्ट धरायला सांगते.

जुना, कुजत चाललेला कागद वाचवायची एक पद्धत परदेशातल्या एका संस्थेत शिकवतात. वर्षभराचा अभ्यासक्रम, एका वेळी फक्त नऊ जण. मावशीने सावरलेल्या दोन वह्यांचे फोटो मी पाठवले, तिने लिहिलेलं पत्र भाषांतर करून जोडलं आणि वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी तिची निवड झाली. त्या दिवशी तिने भर दुपारी दुकान बंद केलं आणि आतल्या खोलीत नुसती बसून राहिली. हात रिकामे ठेवून बसलेली मावशी मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

राहिला व्हिसा. त्याची मला काळजी वाटत नव्हती, कारण मी त्याच देशात वर्षभर राहून आले होते. माझं काम कॉम्प्युटरवरचं, कुठूनही करता येणारं. अशा लोकांना ते लांब मुदतीचा वेगळा व्हिसा देतात. मी ठशांसाठी बोटं मशीनच्या काचेवर ठेवली आणि आठ दिवसांत पासपोर्ट घरी आला. मावशीला मी सांगून टाकलं, अर्ध्या तासाचं काम आहे.

अर्ज केंद्रात टोकन घेऊन आम्ही दोन तास बसलो. कागद मी क्रमाने लावले होते: निवडपत्र, राहायची सोय, विमा, दुकानाचा परवाना. काउंटरवरच्या कारकुनाने ते भराभर चाळले, कुठे काही कमी नव्हतं. मग त्याने ठशांचं मशीन पुढे सरकवलं. मावशीने डाव्या हाताची चार बोटं काचेवर ठेवली. लाल दिवा लागला. पुन्हा ठेवली, पुन्हा लाल. उजवा हात, तोच प्रकार. बोटं पुसून झाली, क्रीम लावून झालं. शेवटी कारकुनाने न विचारता तिचं मनगट धरलं आणि बोटं काचेवर दाबली.

"जोर लावा ना, आजी."

"मी तुमची आजी नाही," मावशी म्हणाली. "आणि हात सोडा."

त्याने हात सोडला आणि एक फॉर्म काढला. ठसे न उमटण्याची कारणं त्यात छापलेली होती: दुखापत, अवयव नसणे, त्वचारोग. यातल्या एकावर खूण करून डॉक्टरचा दाखला आणा, नाहीतर अर्ज अपूर्ण धरला जाईल, असं त्याने सांगितलं आणि पुढचा नंबर पुकारला.

त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी भिंगातून एकेक बोट पाहिलं. आजार काहीच नाही, म्हणाल्या. रोजचा पॉलिश पेपर, खळ, मेणाचा दोरा यांनी रेषा झिजून गेल्यात. गवंड्यांचं होतं, दिवसभर भांडी घासणाऱ्या बायकांचं होतं. महिनाभर काम बंद ठेवलं तर थोड्या परत येतील. पण वर्ग महिन्याच्या आतच सुरू होणार होता. त्यांनी पाहिलं तसं लिहून दिलं आणि तो कागद घेऊन आम्ही पुन्हा केंद्रात गेलो.

कारकुनाने दाखला दोनदा वाचला. "यात आजार लिहिलेला नाही."

"आजार नाहीच," मी म्हटलं. "कामामुळे झालंय."

"काम असा रकाना नाही."

बाहेरच्या पायऱ्यांवर मी मावशीला समजावायला लागले. माझ्या ओळखीचे एक डॉक्टर होते, ते हवं ते लिहून देतात. एका शब्दाचा तर प्रश्न, खूण करायची आणि मोकळं व्हायचं. मावशीने मला पूर्ण बोलू दिलं.

"ज्या हातांनी पोट भरलं, त्यांना रोग झालाय असं लिहून मी खाली सही करू?" ती म्हणाली. "तुझी बोटं आठ दिवसांत पास झाली, त्याचं मला काही नाही. पण मला हे परत सांगू नकोस."

मला राग आला. तिच्याचसाठी धावपळ करत होते आणि बोलणीही मीच खात होते. तसं मी बोलून दाखवलं. ती पदर खोचून आत गेली आणि नवीन टोकन घेतलं. मी पाचेक मिनिटं पायऱ्यांवर फणफणत उभी राहिले, मग मुकाट्याने तिच्या शेजारी जाऊन बसले. खरं सांगायचं तर तोवर मला माझीच लाज वाटायला लागली होती.

नंबर आल्यावर मावशी काउंटरसमोरच्या खुर्चीत नीट बसली. "अर्ज घेत नसाल तर तसं लिहून द्या," ती कारकुनाला म्हणाली. "या बाई एकोणचाळीस वर्षं काम करत आल्या, म्हणून यांचा अर्ज घेत नाही. एवढंच लिहा आणि खाली सही करा."

असं लिहून देता येत नाही, तो म्हणाला. मग ज्याला देता येतं त्याला बोलवा, मावशी म्हणाली. त्याने बाजूला व्हायला सांगितलं. ती उठली नाही. मागची रांग कुरकुरायला लागली. तेवढ्यात रांगेतला एक माणूस पुढे आला आणि त्याने दोन्ही हातांची झिजलेली बोटं पुढे करून दाखवली. तो फरशा बसवायचं काम करायचा. परदेशात राहणाऱ्या मुलीकडे जायचं होतं आणि त्याला याच कारणासाठी दोनदा परत पाठवलं होतं.

अखेर आतून एक अधिकारी बाई आल्या. त्यांनी मावशीची बोटं पाहिली, कॉम्प्युटरवर एक पान उघडलं आणि कारकुनाला दाखवलं. ठसे घेता येत नसतील तर अधिकाऱ्याने स्वतः हात पाहून नोंद करायची, असा नियम होता. दाखला लागतच नव्हता. सगळं चार मिनिटांत झालं.

"हे पहिल्या दिवशी का नाही सांगितलं?" मावशीने विचारलं.

"तसं कुणी विचारत नाही," बाई म्हणाल्या. आवाजात काही ओशाळलेपण नव्हतं.

"मग यांचंही आत्ताच करा."

फरशीवाल्याला दुसऱ्या दिवशीची वेळ घ्यावी लागेल, असं बाईंनी सांगितलं. मावशी म्हणाली, त्यांची नोंद होईपर्यंत मी इथेच बसते. बाईंनी रांगेकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि त्याचे कागद मागून घेतले.

या सगळ्यात तीन आठवडे गेले. पासपोर्ट आला तेव्हा वर्ग सुरू होऊन नऊ दिवस झाले होते. संस्थेने सांभाळून घेतलं, पण कागद धुवायचं सुरुवातीचं शिक्षण हुकलं ते हुकलंच. तिकडे उतरल्यावर विमानतळावर पुन्हा मशीन, पुन्हा लाल दिवा. पावणेदोन तास तिला एका बाजूच्या खोलीत बसवून ठेवलं. सुटल्यावर तिने फोन केला. भीती वाटली का, मी विचारलं.

"भीती कसली? संताप आला," ती म्हणाली. "इथे पण माझ्या शेजारी सगळी कामाचीच माणसं बसलेली होती."

आम्हा दोघींच्या नावाने मी केंद्राला तक्रार लिहिली. दोन महिन्यांनी दोन ओळींचं उत्तर आलं, आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे. काल मी तो फॉर्म पुन्हा उघडून पाहिला. दुखापत, अवयव नसणे, त्वचारोग. मावशीला कळवलं, तर तिने वर्गातूनच निरोप पाठवला की पुन्हा लिही, आणि या वेळी त्या अधिकारी बाईंनाच पाठव.

आज दुसरं पत्र टाकलंय.