रिकामा शॉट

आमचं काम थोडक्यात सांगते. लेझरने धातूच्या पातळ पत्र्याला झोडपायचं आणि त्यातून क्ष-किरणांचा लखलखाट काढायचा. शेजारी प्लास्टिकच्या कणाचा तापून प्लाझ्मा झालेला असतो. त्यातून विखुरलेले किरण मोजले की प्लाझ्मा किती तापलाय ते कळतं. पत्र्याचा उजेड थेट मोजणीयंत्रात घुसू नये म्हणून मध्ये एक इवलासा आडोसा असतो. किरण जास्त मिळावेत म्हणून सरांनी तो जरा कापायला लावला. तेव्हापासून आलेखावर असा देखणा उंचवटा उठू लागला, की सर कधी नव्हे ते मला शाबास म्हणाले.

मला तो देखणेपणाच खुपत होता. विखुरलेले किरण असे मिरवत येत नाहीत, तोंड लपवून येतात.

आज लेझर वापरायच्या आमच्या पाळीतला शेवटचा शॉट, म्हणजे शेवटचा मारा, होता. पुढची पाळी वर्षभराने. हा उंचवटा खरा ठरला तर पेपर निघणार, पेपर निघाला तर घराजवळच्या कॉलेजात नोकरी, आणि मग नवरा, लेक आणि मी एका घरात. नाहीतर हीच भाड्याची खोली आणि हीच बिनखिडकीची कंट्रोल रूम. मी इथे कुजतेय, दुसरा शब्द नाही त्याला.

"सर, हा शॉट रिकामा मारूया. नुसता पत्रा, कण काढून टाकायचा."

"शेवटचा शॉट वाया घालवायचा? डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?"

"प्लाझ्मा नसतानाही उंचवटा आला, तर तो पत्र्याचाच उजेड."

सरांनी एकदा आलेखाकडे पाहिलं. मग म्हणाले, "आणि तुझी नोकरी?"

रडू येईल असं वाटलं, म्हणून मी चिडले. "ते माझं मी बघेन."

सरांनी कण काढायला सांगितला. लेझरचं चार्जिंग सुरू झालं आणि दारं लागली. आता शॉट होईपर्यंत कुणाला बाहेर जाता येत नाही. ऑपरेटरला आम्ही सगळे दादा म्हणतो. तो माझ्याकडे वळून म्हणाला, "थांबवायचं असेल तर आत्ताच सांगा."

"नको," मी म्हणाले. आतून मात्र 'थांबवा, थांबवा' असा धोशा चालला होता.

शॉट झाला. उंचवटा आला, तितकाच देखणा. आमच्या प्रोग्रॅमने तर नसलेल्या प्लाझ्माचं तापमानही इमानेइतबारे काढून दाखवलं. कुणी हसलं नाही.

"पुढच्या वेळी मोठा आडोसा लावू," सर चष्मा पुसत म्हणाले. लावू म्हणजे मीच लावणार.

दारं उघडल्यावर मी घरी फोन केला. लेकीने उचलला.

"आई, मी कपाटातला एक कप्पा तुझ्यासाठी रिकामा केलाय. कधी येतेस?"

"त्यात तुझी पुस्तकं ठेव, बाळा."

"मग तुझे कपडे कुठे ठेवायचे?"

"ते इथेच असू देत," मी म्हणाले.